ताकाच्या खोक्यावरची खाच

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी माझ्या कामाबद्दल विचारलं की मी रंगांबद्दल बोलायचो, अक्षरांच्या वळणांबद्दल बोलायचो. ताकाच्या खोक्याचा विषय निघाला की मात्र चहा सांगायला म्हणून उठायचो. आता दादा नाही, आणि माझंही वय विषय बदलत बसण्याचं राहिलेलं नाही.

मी जन्मभर वेष्टनं केली. सरबताच्या बाटल्यांची लेबलं, लस्सीचे पेले, कॉफीच्या पुड्या. शेवटचं मोठं काम एका दूध-कंपनीचं होतं. दुधासाठी आणि ताकासाठी कागदी खोकी करायची होती, उतरत्या छपरासारख्या माथ्याची. मी दोन्ही पांढरीशुभ्र ठेवली. अंगावर फक्त एक बारीक रेघ, दुधाला निळी आणि ताकाला हिरवी. मुठीत नीट बसतील आणि ओतताना धार अंगावर येणार नाही, एवढं पाहिलं. चांगलं डिझाइन म्हणजे नको ते काढून टाकणं, असं मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पोस्टातून निवृत्त झालेला. वहिनी गेल्यावर विश्रांतवाडीला एकटाच राहायचा. काचबिंदूने त्याची नजर गेली होती, पण स्वयंपाकघर त्याने सोडलं नव्हतं. मी चित्रकला शिकावी म्हणून वडिलांशी भांडला होता तो दादाच.

एका रविवारी धायरीहून त्याच्याकडे जाताना मी खोक्यांचे नमुने घेऊन गेलो. त्याने दोन्ही चाचपली, उलटीपालटी करून पाहिली.

"छान आहेत. आता यातलं दूध कुठलं ते सांग."

मी म्हणालो, निळ्या रेघेचं.

"बरं. मग चहात रेघ बघून ओतत जाईन."

मी ओशाळलो. माथ्यावर जिथे कागद चिकटवून बंद केलेला असतो, तिथे थोडं कापलं तरी काही गळत नाही. परदेशात खोक्याला तिथे एक अर्धगोल खाच ठेवतात, असं मी वाचलं होतं. मी तिथल्या तिथे ताकाच्या खोक्याला तशी खाच कापून त्याच्या हातात दिली. खाच लागली तर ताक, नाही लागली तर दूध. त्याने तिच्यावरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. एवढं झालं तर पुष्कळ, असं म्हणाला. जवळच्या बुद्धविहारात त्याच्यासारख्याच नजर गेलेल्या काही म्हाताऱ्यांचा गट जमायचा. त्या सगळ्यांना सांगतो म्हणाला.

कंपनीच्या बैठकीत मी खाचेचा नमुना टेबलावर ठेवला. विक्री सांभाळणारा गृहस्थ माझ्या मुलाच्या वयाचा होता. त्याने खोकं उचलून पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे उंदराने कुरतडल्यासारखं दिसतंय. दुकानदार परत पाठवतील."

सगळे हसले. माझ्या भावाला दिसत नाही, एवढं एक वाक्य मला बोलता आलं असतं. माणसं वाईट नव्हती. कदाचित त्यांनी ऐकलंही असतं. पण इतक्या वर्षांचा अनुभवी कलावंत घरगुती गरज कामात आणतो असं दिसेल, याची मला लाज वाटली.

"हो, मलाही तेच वाटत होतं," मी म्हणालो, आणि नमुना पिशवीत टाकला.

खोकी बाजारात आली त्या रविवारी हे दादाला सांगण्याचा धीर झाला नाही. मी दुकानातून दूध-ताक विकत घेतलं, घरी नखं कापायच्या कात्रीने ताकाच्या खोक्यांना खाचा पाडल्या आणि घेऊन गेलो. सध्यापुरतं, असं स्वतःला सांगितलं. पुढे दर रविवारी तेच करत राहिलो. कंपनीकडे तो विषय पुन्हा काढला नाही. खोक्यांचं कौतुक झालं, साधेपणाबद्दल मला एक सन्मानचिन्हही मिळालं. दादाने ते हातात घेऊन त्याचे कोपरे चाचपले होते. गटातलं कुणी त्याला म्हणायचं की आमच्या खोक्यावर खाच सापडत नाही. त्यावर तो म्हणायचा, "बोट नीट फिरवा. माझ्या भावाचं काम आहे ते."

वैशाख पौर्णिमेला वहिनी विहारासाठी खीर करायची. ती गेल्यावरही दादाने तो नेम मोडला नाही. त्या वर्षी मला न सांगताच तो काठी टेकत खाली गेला आणि दुकानातून खिरीसाठी दूध, उन्हातून येणाऱ्यांसाठी ताक असं एकाच पिशवीत घेऊन आला. घरी एकेका खोक्याच्या माथ्यावरून त्याने बोट फिरवलं. खाच कुठेच नव्हती. दुकानदार ताक विसरला आणि सगळं दूधच दिलं, असं त्याने धरलं. पातेल्यात वेलची पडली होती, वास तिचाच येत होता. त्याने सगळी खोकी ओतली.

मी बायकोला घेऊन पोहोचलो तेव्हा शेजारच्या बाई ओट्याशी उभ्या होत्या. पातेलं भरून खीर फाटली होती. दोन खोकी ताकाची आहेत असं त्या समजावत होत्या, आणि रिकामी खोकी पुन्हा पुन्हा चाचपत दादा शक्य नाही म्हणत होता. माझी चाहूल लागल्यावर तो वळला.

"आलास का? सांग रे यांना. ताकाला खाच असते."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. कात्री तिचीच होती.

"असते," मी म्हणालो. "या खेपेला कारखान्यात राहून गेली असेल."

"मग उद्याच कळव त्यांना," दादा म्हणाला. "मी बऱ्याच जणांना सांगून ठेवलंय."

त्या दिवशी विहारात त्याच्या घरची खीर गेली नाही. पुढे कधीच गेली नाही.

पुढच्या रविवारीही मी खाचा पाडलेलीच खोकी नेली. दादाने एकावरून बोट फिरवलं, मग दुसऱ्यावरून. मग खाचेच्या कडेला नख लावून पाहिलं.

"कात्रीला धार लावून घे," तो म्हणाला. "कडा फाटायला लागल्यात."

त्याने खोकी माझ्याकडे सरकवली.

"चहा तूच टाक. मी आता असले अंदाज करत बसत नाही."

त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही, आणि चहाही स्वतः केला नाही. शेजारच्या बाई सकाळी थर्मास भरून ठेवायच्या. मी रविवारी जायचो. रिक्षात बसल्यापासून वाक्यं जुळवायचो, पूल ओलांडेपर्यंत ती पाठ झालेली असायची. दार उघडलं की तो विचारायचा, ऊन लागलं का रे, आणि मी म्हणायचो, नाही फारसं. हिवाळ्यात तो झोपेतच गेला. त्याच्या फडताळात ताकाचं एक रिकामं खोकं धुऊन ठेवलेलं सापडलं. खाच मीच पाडलेली होती.

रिक्षातली ती वाक्यं अजून पाठ आहेत. दादा, कारखान्यात काही राहून गेलं नव्हतं. खाच कधी नव्हतीच. लोक हसले आणि मी तुझ्याबद्दल एक शब्द बोललो नाही. खीर तुझ्या हातून बिघडली नाही, माझ्यामुळे बिघडली. मला माफ कर.