गोऱ्याने अर्धाच नेलेला ठेका

मी चौथीपर्यंत शिकलो, तीही पुरती नाही. पण ढोल कसा वाजतो ते मला कुणी शिकवू नये. काशीदच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे देवीची पालखी माझ्या ढोलाशिवाय अजून हलत नाही.

तो गोरा शेजाऱ्याच्या होमस्टेत उतरला होता. युरोपातला कुठला तरी, डिस्को वाजवणारा. वाजवणारा म्हणजे काय, तर पेटी उघडायची, बटणं दाबायची आणि एक हात वर करून उभं राहायचं. किनाऱ्यावरच्या हॉटेलात त्याच्यापुढे नाचायला चारदोन पर्यटक, तेही प्यालेले. अंगात चकाकतं जाकीट, भर चैत्रात! नुसता निथळत होता.

पालखीला तो माझ्या मागे आवाज भरायचं यंत्र घेऊन फिरला. पालखी दारात आली की आम्ही थांब्याचा ठेका धरतो. तो ऐकला की माणसं जागच्या जागी उभी राहतात, चपला काढतात, हात जोडतात. देवीची ओटी भरून झाली की उचलीचा ठेका, मग सगळे पुढे. गोऱ्याने थांबा तेवढा भरून घेतला आणि उचल सुरू व्हायच्या आत सरबत प्यायला गेला.

त्या अर्ध्या ठेक्यावर त्याने गाणं काढलं. आधी गोव्यात वाजलं, मग त्याच्या मुलखातल्या मोठमोठ्या नाचघरांत. आता त्याच्या नावाने गर्दी लोटते म्हणे. जावयाने मोबाईलवर दाखवलं. "मामा, तुमचा ढोल जगात पोचला!"

मी म्हटलं, "ढोल हितंच हाय. आणि ते येडे उभं राहायच्या ठेक्यावर उड्या मारतायत."

मग नातीची हळद आली. ती म्हणाली, "आबा, तुमचा ढोल पायजेच. पण गोऱ्याचं गाणं पण लावणार हां."

"ते लागलं तर मी घराच्या ओटीवरून उतरणार न्हाय. ढोल पण न्हाय."

पोर रडली. आमची म्हातारी कडाडली, "नातीच्या हळदीला तोंड फुगवून बसा. शोभतंय!"

बसलो. शब्द म्हणजे शब्द.

मांडवात डीजेवाल्याने ते गाणं लावलं. पोरं उसळली. आणि हळदीच्या वाट्या घेऊन नातीकडे निघालेल्या आळीतल्या बायका होत्या तिथेच थांबल्या. चपला काढल्या. जन्माची सवय, दुसरं काय. म्हातारीचा हात नातीच्या गालापासून वीतभर लांब राहिला. गाणं संपलं तरी त्यांतली एकही हलेना. उचल झाल्याशिवाय पाय कसा उचलायचा?

पाटावरून नात ओरडली, "आबा, वाटीत हळद सुकली! वाजवा की आता!"

"अवो, माझं गुडघं गेलं," म्हातारी म्हणाली. "रुसवा मागनं काढा."

"आधी त्या डीजेची वायर काढा," मी म्हटलं.

वायर निघाली, तेव्हाच ओटीवरून उतरलो. ढोल गळ्यात घालून उचल धरली. म्हातारीचा हात नातीच्या गालावर टेकला आणि सगळा मांडव पुढे सरकला.

गोरा अख्खी दुनिया नाचवतो म्हणे. नाचवू दे. आमच्या आळीतली एक म्हातारी त्याला हलवता आली नाही.