आमचे हे क्लासला गेलेच नव्हते

आधीच सांगते, मी गणित शिकवते. इंदूरच्या एका शाळेत, नववी-दहावीला. भूत, सावली, अंगात येणं असले विषय आमच्याकडे निघाले की मी सरळ उठून कुकर लावायला जाते. त्यामुळे माझ्यासारखीने असं काही लिहावं याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय. पण जे झालं ते झालं... आणि ते माझ्या डोळ्यांसमोर झालं. खरं म्हणजे, झालंच नाही, हे माझ्या डोळ्यांसमोर झालं. आता हेच कसं सांगायचं? बघा, सुरुवातीपासूनच सांगते.

आम्ही राजेंद्र नगरला राहतो. आमचे हे, म्हणजे दिलीप, मागच्या वर्षी सरकारी नोकरीतून रिटायर झाले आणि महिनाभरात घरात बसून इतके बोअर झाले की त्यांनी उत्तराखंडचा एक ट्रेक ठरवून टाकला. साधासुधा नाही. आठवड्याहून जास्त दिवस, रोज चालायचं, तंबूत झोपायचं, मोबाईलला रेंज नाही. तोवर आमचा सगळ्यात मोठा ट्रेक म्हणजे सकाळी कॉलनीच्या बागेला फेऱ्या मारणं, आणि तोही पोह्यांच्या ठेल्यावर जाऊन संपायचा.

ट्रेकवाल्यांनीच एक क्लास सुचवला. सिमरोलजवळ एका फार्महाऊसवर तोमरजी नावाचे रिटायर फौजी शनिवार-रविवार शिकवतात. डोंगरात कोणी पडलं, हाड मोडलं, धाप लागली तर डॉक्टर मिळेपर्यंत काय करायचं. मी म्हटलं, जायलाच पाहिजे.

"अगं, अपन चालायला जातोय की ऑपरेशन करायला?" हे म्हणाले.

"आणि कोणी पडलं तर?"

"गाइड असतो ना यार. आणि सगळं मोबाईलवर आहे."

"तिथे रेंज नसते."

"तर मग आधीच बघून घेईन. हाय काय नि नाय काय!"

हा वाद आमच्याकडे सकाळच्या चहाला सुरू व्हायचा आणि रात्री दूध विरजताना संपायचा. करायचा की नाही, करायचा की नाही. शेवटी तोड निघाली. माझ्याकडे शाळेच्या कॉप्या तपासायला आल्या होत्या, त्यामुळे मला जमणार नव्हतं. मग ह्यांनी दोघांच्या वतीने जायचं. मी तोमरजींना फोन करून ह्यांचं नाव देऊनही टाकलं.

शनिवारी सकाळी हे म्हणाले, "गाडीचा क्लच बरोबर नाही वाटत."

क्लच अगदी बिल्कुल ठीक होता. पण हे सोफ्यावर पसरले ते पसरलेच. मी समोर डायनिंग टेबलावर लाल पेन घेऊन बसले होते, आणि त्या दिवशी नववी-ब च्या मुलांना मार्क जरा कमीच पडले असतील. मी ह्यांच्याशी बोलत नव्हते, पण हे माझ्या नजरेसमोर होते. दोन्ही दिवस. शेजारचे शर्माजी शिडी मागायला आले आणि ह्यांच्याशी क्रिकेटवरून भांडून गेले, म्हणजे साक्षीदारसुद्धा आहे. दुपारी मात्र हे असे गाढ झोपले की श्वास चाललाय ना, ते मी दोनदा जवळ जाऊन बघितलं. रविवारी संध्याकाळी उठले तेव्हा म्हणाले, "फार थकलो यार."

"कशाने? कूस बदलून?" मी विचारलं. दोन दिवसांतलं ते माझं पहिलं वाक्य.

सोमवारी तोमरजींचा फोन आला. मी माफी मागायच्या तयारीत होते.

"मैडम, सर को भेजा, बहुत अच्छा किया. ऐसा स्टूडेंट नहीं देखा. सवाल पर सवाल, सवाल पर सवाल!"

मला वाटलं, दुसरे कोणी दिलीप असतील. इंदूरमध्ये काय दिलीपांची कमी आहे? पण ते सांगत गेले... टक्कल, कॉलरमध्ये खोचलेला रुमाल, आणि जेवताना खिशातून जीरावणाची, म्हणजे आमच्या इंदुरी मसाल्याची, छोटी बाटली काढून भातावर, वरणावर, अगदी काकडीवरही भुरभुरवणं. मंडळी, जीरावण इंदुरात सगळेच खातात. पण खिशात बाटली घेऊन हिंडणारा माणूस माझ्या माहितीत एकच आहे.

मी फोन ह्यांच्या हातात दिला.

"भिया, मैं तो आया ही नहीं," हे म्हणाले.

तिकडून इतकं हसू ऐकू आलं की मला लांबूनही कळलं. "सर मजाक बहुत करते हैं!"

फोन ठेवल्यावर आमचं जे भांडण झालं ते विचारूच नका. ह्यांना वाटलं मी त्यांना धडा शिकवायला कोणी माणूस उभा केला. "टकला माणूस कुठे भाड्याने मिळतो, मला पण सांग!" माझी अडचण वेगळी होती. मला संशय घ्यायलाही जागा नव्हती. माणूस माझ्यासमोर घोरत होता.

शेवटी तोमरजींचाच काहीतरी घोटाळा झाला असेल, असं ठरवून आम्ही विषय बंद केला. तो उघडला इंदूरच्या स्टेशनवर. आम्ही ट्रेकला निघालो तेव्हा ग्रुपमध्ये सांवेरची पल्लवी होती, खेळाची टीचर, पंचविशीची. प्लॅटफॉर्मवर ह्यांना बघताच पळत आली.

"काका! ओळखलं ना? क्लासमध्ये दोन दिवस माझ्याच पायाला पट्ट्या बांधत होते तुम्ही!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. मग हे म्हणाले, "हो हो, ओळखलं ना," आणि पाण्याची बाटली आणायला म्हणून जे गेले ते गाडी सुटायच्या बेतात परत आले. पूर्ण प्रवासात वरच्या बर्थवरून खाली उतरले नाहीत.

ट्रेक छान सुरू झाला. दृश्यांबद्दल लिहीत नाही, फोटो सगळ्यांनीच बघितलेले असतात. निम्मं अंतर झालं असेल, एका ओढ्यापाशी मी घसरले. पाय दगडांत अडकला आणि मी एकीकडे, पाय दुसरीकडे. आवाज मला ऐकू आला. घोट्याच्या वर. पुढचे सगळे वळणामागे गेले होते, गाइड त्यांच्याबरोबर. मागे आम्ही तिघंच.

पल्लवी रडायलाच लागली. "काकू, मला काहीच आठवत नाहीये... सगळं शिकले होते..."

आणि आमचे हे! ज्यांना कपाटातला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, हे! खाली बसले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हलू नकोस. मी आहे."

आवाज त्यांचाच होता, पण त्यात घाई नव्हती. ह्यांच्या बोलण्यात घाई नाही, असं लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकत होते. "बोटं हलव. हं. मी हात लावलेला कळतोय? कुठल्या बोटाला?" पल्लवीला म्हणाले, "बेटा, रडून घे, पण आधी मॅट दे." झोपायच्या फोमच्या मॅटची घडी पायाच्या दोन्ही बाजूंनी बसवली, चालायच्या काठ्या लावल्या, माझी ओढणी फाडली — नवी होती — आणि दुखऱ्या जागेच्या वर नि खाली बांधत गेले. मोडलेल्या जागेवर एकही गाठ नाही. मग परत बोटं तपासली, स्वतःचं जॅकेट माझ्यावर घातलं आणि पल्लवीला शिट्टी वाजवत गाइडच्या मागे पाठवलं.

सगळं झाल्यावर हे दगडावर बसले, माझ्या पायाकडे बघितलं आणि पांढरेफटक पडले.

"हे... मी बांधलं?"

"तुम्हीच."

"चक्कर येतेय यार," म्हणाले आणि आडवे झाले. गाइड आला तेव्हा त्याने आधी ह्यांनाच उचलायला घेतलं.

मला खेचरावरून खाली आणलं. तिथल्या डॉक्टरने पट्टी सोडण्याआधी विचारलं, किसने बांधा है? हे तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत राहिले.

प्लास्टर निघाल्यावर आम्ही दोघं सिमरोलला गेलो. मला एकदा समोरासमोर विचारायचंच होतं. तोमरजींनी ह्यांना मिठीच मारली, जुन्या दोस्तासारखी. माझ्या हातातली काठी बघून त्यांचा चेहरा बदलला.

"तो सच में गिर गईं?"

"मतलब?" मी विचारलं.

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, की दुसऱ्या दिवशी सगळे घरी निघाले तरी सर थांबले होते. पायाचं परत दाखवा म्हणाले, परत दाखवा, अजून एकदा. अंधार पडेपर्यंत. "मैंने पूछा, सर, पैर के पीछे क्यों पड़े हैं? तो बोले, मेरी मिसेस देखकर नहीं चलती."

मला आधी रागच आला. देखकर नहीं चलती म्हणजे काय! मग मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खाली मान घालून बुटाने माती उकरत होते, आणि त्यांचे डोळे भरले होते. "मी असं बोललो नाही," हळूच म्हणाले. "आणि... बोललो असतो, तरी तुझ्यासमोर नाही."



मागच्या महिन्यात हे खरोखरच क्लासला गेले. तोमरजींनी आधी नाहीच म्हटलं, एक ही क्लास कितनी बार करेंगे सर! पण हे हट्टाला पेटले. मी स्वतः सोबत गेले, दोन्ही दिवस बाजूला बसले, नजर हटवली नाही. घरी आल्यावर ह्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि अर्धा तास खटपट करून पट्टी बांधली. मी उभी राहिले, तर ती सगळीच्या सगळी घसरून तळपायात गोळा झाली.

"अहो, तेव्हा कशी जमली होती?" मी विचारलं.

पट्टी गुंडाळत हे म्हणाले, "मला काय विचारते? त्यालाच विचार."

विचारायला माझी काहीच हरकत नाही. पण कुठे विचारू, ते अजून कळलेलं नाही.