सूर्य सरकवणारा हात

माझा धाकटा भाऊ शिंपी होता, आणि शिंप्यांच्या जातीला न शोभेल इतका शब्दाचा पक्का. शनिवारी देतो म्हणाला की शनिवारीच द्यायचा. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं बेताचं. जन्मभर लोकांच्या छातीची मापं घेतली आणि शेवटी त्याच्याच छातीत श्वास मावेना. दुकानातल्या धुळीपासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं. यानं मान डोलावली आणि ऑक्सिजनचं मशीन उचलून दुकानातच आणलं. प्लग एकच होता. "ताई, एका वेळी इस्त्री चालेल नाहीतर मी," असं वर मलाच सांगायचा. मी चिडायचे. तो नाकातली नळी सावरत हसायचा.

त्याच्या मुलीला आणि तिच्या दोन मैत्रिणींना जीवशास्त्राच्या बाईंनी फिल्म करायला सांगितली होती. पान आपलं अन्न कसं तयार करतं ते दाखवायचं. वस्तू तीळभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. मग सगळे फोटो भराभर दाखवले की वस्तू आपोआप चालल्यासारख्या दिसतात. न डगमगणारं टेबल आमच्या घरात एकच, कापड बेतायचं. त्यामुळे तिघींनी दुकानात तळ ठोकला. छताच्या हुकाला मोबाइल टांगला, उजेड बदलू नये म्हणून खिडकीवर अस्तराचं कापड लावलं.

भावानं हिरव्या कापडाचं पान कापलं, तेही मुलींच्या मापापेक्षा चांगलं दुप्पट.

"बाबा, एवढं मोठं कशाला?"

"जरा जास्त ऑक्सिजन बनवेल," तो म्हणाला. मैत्रिणी हसल्या. मुलगी हसली नाही.

बटणांचे डबे निघाले. काळं बटण कार्बन, लाल ऑक्सिजन, पांढरं हायड्रोजन. पानाबाहेर लाल बटणांच्या जोड्या पाठवायच्या होत्या. भावानं कार्बन डायऑक्साइडमधली लाल बटणं उचलली, तर मुलगी ओरडली, "ती नाही, पाण्यातली!" "चुकलं, साहेब," म्हणून त्यानं बटणं जागेवर ठेवली. तेव्हापासून ती घरात साहेबच झाली.

त्याला काम मिळालं सूर्याचं. ओव्हरकोटाचं मोठं पिवळं बटण पानाच्या वरून सरकवायचं. त्यानं आधी टेबलावर अंथरलेल्या कापडावर खडूनं खुणा करून घेतल्या, उगवतीपासून मावळतीपर्यंत. हे त्याच्या रक्तातच होतं, खुणेशिवाय कात्री चालवली नाही कधी. पण धाप लागायची, हात मागे घ्यायला उशीर व्हायचा, आणि फोटोत यायचा.

"हात! बाबा, हात!"

मोबाइल आधीच गच्च भरलेला. बिघडलेला फोटो तिथल्या तिथे पुसायचा, पुन्हा काढायचा. तो दर वेळी "चुकलं, साहेब" म्हणायचा. असे कितीतरी हात पुसले गेले.

सूर्य माथ्यावर आला होता, त्या आठवड्यात भाऊ गेला. सकाळी शर्टाला कॉलर लावायला बसला आणि शिलाई मशीनवरच मान टाकली. पुढचं मला लिहवत नाही.

टेबलाला कुणी हात लावला नव्हता. काही दिवसांनी तिघी आल्या. भाचीनं पिवळं बटण माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाली, "आत्या, तू सरकव." खडूच्या खुणा तशाच होत्या. त्याच्या खुणांवरून मी सूर्य खाली उतरवला. माझा हात एकदाही फोटोत आला नाही. भावजय दारात उभी राहून पाहत होती.

फिल्म पाहून बाई खूश झाल्या. फक्त एका जागी हात दिसतो, म्हणाल्या, तेवढा फोटो काढून टाका म्हणजे पूर्ण गुण देते. पुसताना एक निसटला होता. सूर्यावर झुकलेला हात, बोटात सुई टोचू नये म्हणून घातलेलं अंगुस्तान, मनगटाला टाचण्यांची उशी. त्याचे फोटो घरात आहेत. सगळे कोट घालून, ताठ उभे राहून काढलेले. काम करताना त्याचा फोटो कोण काढणार?

"नाही काढणार, बाई," भाची म्हणाली. मैत्रिणींकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्याही गुणांचा प्रश्न होता. पण त्यातली एक म्हणाली, "आमचंही तेच म्हणणं आहे." गुण कापले गेले.

आता रोज संध्याकाळी मी, भाची आणि भावजय बटणांच्या डब्याला मोबाइल टेकवून बसतो. सूर्य चढतो, लाल बटणं जोडीजोडीनं पानाबाहेर पडतात. भाची माझा दंड धरते. "आत्या, आता! पापणी लववू नकोस." मी डोळे ताणते, आणि नेमकं तेव्हाच डोळ्यांत पाणी येतं.

"दिसला हात?"

"नाही गं," मी म्हणते. "परत लाव."