सॅक्सोफोन घेऊन बदलापूरला

शहाडला एसटीतून उतरले तेव्हा नऊ वाजले होते. मुरबाडजवळच्या आमच्या गावातून निघताना आईने विचारलं होतं, "बाजा वाजवणाऱ्या माणसावर कॉलेजात काय लिहायचं असतं?" आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे विचारायचं तरी कोणाला? बदलापूरला दामोदर साळवी राहतात, त्यांनी सॅक्सोफोनवर जन्मभर जॅझ वाजवलं आणि मला कॉलेजच्या प्रकल्पासाठी त्यांचं आयुष्य लिहून आणायचं आहे, एवढंच मला माहीत होतं. जॅझ मी कधी ऐकलं नव्हतं.

फोनवर साळवीकाका म्हणाले होते, "येताना उल्हासनगरला लछमनकडून माझं वाद्य घेऊन ये, बाळ. दुरुस्तीला टाकलंय."

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये शिलाई मशीनच्या आवाजात लछमनभाईंचं दुकान सापडलं. लग्नाच्या बँडची पितळी वाद्यं छताला टांगलेली होती. लछमनभाईंनी सॅक्सोफोनच्या बटणांखालच्या चामडी गाद्या बदलल्या होत्या. त्यांनी मला समोसा दिला आणि काकांचं आयुष्य भराभर सांगून टाकलं. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, मग मुंबईच्या हॉटेलांत जॅझ, मग दोन वर्षं परदेशी जहाजावर, हॉटेलांतले बँड बंद झाल्यावर पुन्हा लग्नाची वरात.

"और सुन बेटी, दामूला सांग, दात काढून घेऊ नको. पुढचे दोन दात वाद्यावर टेकतात. ते गेले तर सूर पकडणार कशाने? कवळीने?"

मी वहीत 'दात' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

अंबरनाथला जायच्या रिक्षात ती लांब काळी पेटी मांडीवर मावेना. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "काय ताई, फॅक्टरीतून तोफ उचलली का?" शेजारची बाई हसली आणि तिने पेटीचं एक टोक स्वतःच्या मांडीवर घेतलं.

अंबरनाथला लष्करी साहित्याच्या कारखान्याच्या जुन्या वसाहतीत पवारकाका भेटले. तिथल्या कारखान्यात ते आणि साळवीकाका तीस वर्षं एका खात्यात होते. त्यांना मी जहाजाचं विचारलं.

"जहाज? कोण म्हणतो? दाम्याचा एक खाडा नाही! सकाळी सातला गेटवर हजर. रात्री मुंबईत वाजवून डोळे लाल असायचे, ते वेगळं."

मी जहाज खोडलं. मग खोडलेल्याखाली रेघ मारली. दोघंही इतक्या खात्रीने बोलले होते, की मला माझ्याच वहीचा भरवसा वाटेना.

बदलापूरला पोचायला दुपार झाली. काकांची मुलगी सुनंदाताई, तिने आधी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं वाढलं. काका भाकरी बिरड्याच्या रश्शात कुस्करून एका बाजूने चावत होते. वरचा ओठ सुजलेला होता.

"उद्या सकाळी दहाची वेळ घेतलीय डॉक्टरांची," सुनंदाताई म्हणाली. "हिरडीत पू झालाय. तीन वेळा वेळ घेतली, तीनदा मोडली. रात्रभर कण्हतात नि सकाळी म्हणतात, बरं आहे."

"काका, जहाज?" मी विचारलं.

"अकरा दिवस. रजा टाकून गेलो, उलट्या करत परत आलो. लछमनला दोन वर्षं आवडतात, राहू दे."

जेवणानंतर त्यांनी पेटी उघडली. रीड (तोंडाशी लावायची वेताची पातळ पट्टी) जिभेवर ओली केली. मग मला म्हणाले, "सुनंदा म्हणणार काढा, लछमन म्हणणार काढू नका. तू कोणाच्याच बाजूची नाहीस. ऐक आणि खरं सांग. वाजत असेल, तर उद्या जात नाही."

मी वही मिटली. मोबाईलवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्यांनी एक धून वाजवली. दुसऱ्यांदा तीच वाजवली, पण ती तशी राहिली नव्हती. तिसऱ्यांदा तर मी ओळख शोधत राहिले. आनंदाचं होतं की दुःखाचं, तेही कळेना. संपल्यावर त्यांनी डोळे पुसले. दुखल्याने की कशाने, माहीत नाही.

"बोल."

सुनंदाताई माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "काका, खालच्या सुराला एकदा नुसती हवा आली."

त्यांनी रीड पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाले, "सुनंदा, उद्याची वेळ मोडू नकोस."

परतीच्या एसटीची वाट पाहताना मी रेकॉर्डिंग लछमनभाईंना पाठवलं आणि काय झालं तेही कळवलं. लगेच फोन आला. "अरे पगली! ती हवा म्हणजे तर त्याची खासियत! पहले साँस, फिर सूर. जॅझवाले खालचा सूर असाच घेतात!"

एका माणसाचं वाजवणं मी न कळता संपवलं होतं. मी लगेच काकांना फोन लावला. "काका, माझं चुकलं. ती हवा तुम्ही मुद्दाम सोडली होती. उद्या जाऊ नका."

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. मग काका म्हणाले, "हवा दोनदा आली, बाळ. पहिली मी सोडली. दुसरी दातामुळे सुटली. तुला एकच ऐकू आली."

"कोणती?"

"ते तूच सांग," असं म्हणून ते हसले आणि दुखल्यामुळे मध्येच थांबले.

एसटी बारवी धरणाजवळच्या जंगलातून मुरबाडकडे निघाली. आईला काय सांगायचं, ते अजून ठरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांनी दात काढून घेतले. प्रकल्पात मी जहाज अकरा दिवसांचं लिहिलं, नोकरी तीस वर्षांची लिहिली. पुढे कवळीने वाजेल का, ते काकांनाही ठाऊक नाही. रेकॉर्डिंग मी अनेकदा ऐकलंय. हवा खरंच दोनदा येते. दोन्ही वेळा मला ती सारखीच सुंदर वाटते, आणि त्यातली एक चुकलेली आहे.