नणंदेच्या पाठीवरचं पाणी

हिमालयातल्या ट्रेकसाठी माझ्या धाकट्या नणंदेनं स्वतःबरोबर माझंही नाव मला न विचारता नोंदवलं. सराव हवा म्हणून फाल्गुनात ती मला कन्नडजवळच्या डोंगरावर घेऊन गेली. पळस, पांगारा फुलला होता, पण चढ असा उभा की मान वर करून बघायचीही सोय नव्हती. ही प्रत्येक फुलापाशी थांबून फोटो काढायची आणि वर मलाच म्हणायची, "वहिनी, चला की! किती हळू!"

माथ्यावर तिनं सॅक उघडली. वजनाचा सराव व्हावा म्हणून तिनं पाण्याच्या पाच मोठ्या बाटल्या आणल्या होत्या. उतरताना गुडघ्यांवर भार नको, म्हणून आता ती त्या ओतायला निघाली.

त्या वर्षी दुष्काळ होता; औरंगपुऱ्यातल्या आमच्या घरच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येई.

"अगं, दगड भरायचे होतेस!" मी ओरडले.

"दगडानं सॅक फाटते, वहिनी."

वाद घालण्याइतका दम माझ्यात उरला नव्हता. वाचलेल्या तीन बाटल्या मी माझ्या सॅकमध्ये कोंबल्या आणि तिच्या नावानं बोटं मोडत उतरले. संध्याकाळी त्याच पाण्यात वरण शिजवलं. नणंदेनं दोन वाट्या ओरपल्या आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी जरा लवकर निघू."