बुटातला खडा

पदभ्रमंतीच्या तिसऱ्या दिवशी सगळेच लंगडत होते. ताठ चालत होत्या त्या एकट्या निवृत्त सिस्टरबाई. कण्हणाऱ्या नवऱ्याला त्यांनी वाटभर फैलावर घेतलं.

"अहो, एका फोडाचं किती ते कौतुक! माझे पाय बघा."

पेशंटचे मधुमेहाने बधिर झालेले पाय त्यांनी तीस वर्षं धुतले होते. स्वतःची साखर मात्र कधी तपासली नव्हती.

मुक्कामावर त्यांनी बूट काढला. आतून चिंचोक्याएवढा खडा घरंगळला. मोजा रक्ताने चिकटला होता.

"अगं, दिवसभर कळलं कसं नाही?"

हेच त्या पेशंटना दरडावून विचारायच्या. त्यांनी जखमेवर बोट दाबलं, मग आणखी जोरात.

"तुमचा फोड दुखतोय अजून?"

"जीव जातोय!"

"दुखू दे," त्या हळूच म्हणाल्या.