एक चाल, दोन देश

परदेशी विद्यार्थ्यांना मी पुण्यात मराठी शिकवत असे. एका वर्षी निरोपाच्या दिवशी फिनलंडची आयनो तिचं राष्ट्रगीत गाऊ लागली, तशी एस्टोनियाची मारेत उभी राहिली आणि त्याच चालीवर स्वतःच्या भाषेतल्या राष्ट्रगीताचे शब्द म्हणू लागली.

"चाल नक्की कोणाची?" मी नंतर विचारलं.

"एका जर्मन माणसाची," आयनो हसून म्हणाली.

मारेत हसली नाही. "बाई, आमच्यावर परक्यांचं राज्य होतं तेव्हा हे गीत म्हणायला बंदी होती. पण समुद्रापलीकडून यांचा, फिनलंडचा रेडिओ ऐकू यायचा. रात्री कार्यक्रम संपताना ही चाल लागली की आई स्वयंपाकघरात ताठ उभी राहायची. शब्द मनातच म्हणायची."

अभिमानाची गोष्ट आपल्या एकट्याची असावी, असं मला तोवर वाटत आलं होतं. इथे तर शेजाऱ्याच्या सुरांत एका बाईनं आपला देश जपून ठेवला होता.

आयनोला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती मारेतच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुझे शब्द मला शिकव."

दोघींनी ते गीत पुन्हा म्हटलं. आयनो प्रत्येक ओळीला अडखळत होती, आणि माझा ऊर भरून येत होता.